छगनभाई आणि गावची कोअर कमिटी

गावाचं नाव सांगत नाही. तापीच्या काठावर, शहाद्याच्या बाजूला, केळी-ऊस-कापसातलं एक गाव, एवढं पुरे. नाव लिहिलं तर उद्या धीरज हा कागद मोबाइलवर गावभर फिरवील, परवा कोअर कमिटी बसेल आणि माझं काय करायचं ते ठरवून उठेल. आमच्याकडे आता सगळं तिथंच ठरतं.

गोष्ट छगनभाईंची आहे. पण ते त्या कमिटीत कसे जाऊन बसले हे सांगण्याआधी तो शब्द गावात कसा येऊन बसला ते सांगायला हवं. या गोष्टीत माणसांपेक्षा शब्दानंच जास्त उद्योग केले आहेत.

पूर्वी आमच्याकडे पंच होते. पंच गेले आणि ‘गावातली चार माणसं’ आली. ही चार माणसं कधीच चार नसत. लग्नाचं असेल तर चौदा जमत, भांडणाचं असेल तर दीड. पण ती पारावर, उघड्यावर बसत, हा त्यांचा मोठा गुण. पाण्याचा हंडा घेऊन निघालेली बाई वाटेत थांबून त्यांना चार शब्द सुनावून जाऊ शके, आणि हंडा डोक्यावर असल्यामुळे तिला कुणी उलट बोलत नसे.

मग टीव्हीवर ते दार दिसायला लागलं. मोठं बंगल्याचं बंद दार, दारापुढे माइक घेतलेली पोरगी, आणि ती सांगतेय की आत कोअर कमिटीची बैठक सुरू आहे. तासाभरानं पाहावं तर तेच दार, तीच पोरगी, तेच वाक्य. आत कोण आहे, काय खातंय, कुणावर ओरडतंय, काही कळत नाही. आमच्या हेमकांतभाईंना त्या दाराचं भारी वेड लागलं.

हेमकांतभाई म्हणजे गावातले मोठे केळीवाले. पांढरी गाडी, पांढरे कपडे, आणि कुणी नमस्कार केला की आधी मोबाइलकडे पाहून मग मान हलवायची सवय. ते एकदा पक्षाच्या बैठकीला नंदुरबारला गेले. तिथं आत कोअर कमिटी बसली होती आणि हेमकांतभाई बाहेर व्हरांड्यात. सकाळी आत नाश्ता गेला, दुपारी जेवण गेलं, रिकामी ताटं बाहेर आली, आणि ताटं आणणाऱ्या माणसानं हेमकांतभाईंना विचारलं, “तुम्ही कोणाचे ड्रायव्हर?” हे मला त्यांच्या खऱ्या ड्रायव्हरनं, रायसिंगनं सांगितलं. मी त्यात माझ्या पदरचं काही घातलेलं नाही. येताना ते बाजारातून लाल मिरची घेऊन आले आणि हा शब्द घेऊन आले. मिरची वर्षभर पुरली. शब्द अजून संपत नाही.

दुसऱ्याच दिवशी पारावर त्यांनी जाहीर केलं, “आता गावाला कोअर कमिटी पाहिजे.”

“कोअर म्हणजे काय हो?” कुणीतरी विचारलं.

आमचे निवृत्त गुरुजी तिथंच होते. ते म्हणाले, “कोअर म्हणजे गाभा. आतला. मुख्य.”

गाभा म्हटल्यावर कुणाला काही समजवायची गरज उरली नाही. आम्ही केळीतली माणसं. घड उतरवला की खोड आडवं पाडायचं, सोपटं एकेक सोलत जायची, आणि शेवटी मनगटाएवढा पांढरा, थंड, पाण्यानं भरलेला दांडा हाती येतो. गाव म्हणजे सोपटं आणि कमिटी म्हणजे गाभा, असा अर्थ सगळ्यांच्या डोक्यात पक्का बसला. सोपटांनाही तो पटला, हे विशेष.

मग शब्द गावात राबायला लागला. नळाला पाणी आलं नाही, आणि तुम्ही विचारायला गेलात, तर उत्तर यायचं, “कोअर कमिटीपुढे विषय शे.” याचा अर्थ विसरून जा. “कोअर कमिटी बघेल” म्हणजे कुणीही बघणार नाही. आणि “कोअर कमिटीनी ठरायं” म्हणजे हेमकांतभाईंनी अंघोळ करता करता ठरवलं. अजून एक चमत्कार झाला. पारावर आपल्या भाषेत शिव्या देणारी हीच माणसं बैठकीत बसली की शुद्ध मराठीत बोलायला लागली, शाळेत इन्स्पेक्टर आल्यासारखी. अहिराणीत ‘नही’ म्हणायला अर्धा क्षण पुरतो. शुद्ध मराठीत नकार द्यायचा तर आधी शब्द जुळवावे लागतात, आणि तोवर विषय पुढे गेलेला असतो.

कमिटीत हेमकांतभाई, गुरुजी, माजी सरपंच सरलाबाई, आणि मोबाइल सांभाळायला धीरज. धीरज तिशीचा गडी, शहाद्याला मोबाइलचं दुकान चालवतो, आणि कमिटीचा ग्रुप त्याच्या अंगठ्याखाली आहे. हे सगळे वरच्या गल्लीचे. खालच्या गल्लीत कुरकुर सुरू झाली, तेव्हा सरलाबाई म्हणाल्या, “आपला एक माणूस खालचा घ्या. नाहीतर मतांच्या वेळी तोंड दाखवायला जागा राहणार नाही.”

“कुणाला घ्यायचं? त्रास देणारा नको,” हेमकांतभाई म्हणाले.

आणि सगळे एका आवाजात म्हणाले, “छगन!”

आता छगनभाई. पासष्टीला टेकलेला, बारीक, जरा पुढे वाकलेला माणूस. थोडी केळी, दोन म्हशी, एक लेक मयूरी सुरतेला दिलेली. गावात त्यांचं काम म्हणजे हाक द्यायची. बैठक असो, पंगत असो, मयत असो, घरोघरी जाऊन बोलावणारे छगनभाई. बैठकीला हाक देताना ते आत काय ठरणार आहे तेही सांगून जात, आणि शेजारी त्यावर काय म्हणाला तेही. त्या अर्थानं ते माझ्याच धंद्यातले. सतरंजी तेच अंथरत, आणि सगळे बसले की स्वतः तिच्या काठावर, पाय बाहेर ठेवून बसत. आयुष्यभर सतरंजी अंथरली, पण तिच्या मधे कधी बसले नाहीत. कुणी “आत सरका” म्हटलं की म्हणायचे, “आठेज बरं शे, उठाले सोपं जास.”

त्यांच्या या एवढ्याशा जन्मात एक इच्छा होती, आणि ती मला ठाऊक होती, कारण मीच त्यांना तिच्यावरून छळत आलो. एकदा तरी मधे बसावं.

त्यामुळे कमिटीत नाव आल्याचं कळलं तेव्हा ते पहिल्यांदा खळ्यावर गेले, बायकोला सांगायला. जसोदाबाई तिथंच असायच्या. घरात त्या फक्त झोपायला येत. खळं म्हणजे गावात शिरल्या शिरल्या रस्त्याला लागून असलेला तुकडा. निंबाचं झाड, त्याखाली दावण, गव्हाण, एक छपर, कडेला गोवऱ्यांची रास. चांदरी आणि भुरी अशा दोन म्हशी. छगनभाईंच्या आज्यापासून ढोरं तिथं बांधली जात होती. कागदावर मात्र ती जागा गावठाणाची, कुणाच्याच नावाची नाही. खालच्या गल्लीतल्या बाया दुपारी तिथं शेंगा सोलायला, डाळ निवडायला जमत, आणि कुणाची सून कशी, कुणाचा जावई काय पितो, याचे निकाल तिथं लागत. जसोदाबाई शेणाचे हात न धुता निकाल देत.

छगनभाई म्हणाले, “ऐकं का? माले कोअर कमिटीमा लिधं.”

“तठे काय करनं पडस?”

“करनं काही नही पडत. ठरावनं पडस. गाभा म्हणतस त्याले. गावना गाभा.”

जसोदाबाईंनी चांदरीच्या पुढ्यात चिरलेलं केळीचं खोड टाकलं आणि म्हणाल्या, “गाभा तर मी रोज हिले खावाडस.”

शेंगा सोलणाऱ्या बाया इतक्या हसल्या, की भुरीनं मान वर करून पाहिलं. छगनभाईही हसले. त्या दिवशी त्यांना कशाचंच वाईट वाटणार नव्हतं. मयूरीनं सुरतेहून मोठा मोबाइल पाठवला, धीरजनं त्यांना ग्रुपमधे घेतलं, आणि ते पांढरा सदरा घालून फिरायला लागले, दूध मोजून देतानासुद्धा तोच. पारावर आम्ही त्यांना ‘साहेब’ म्हणायला सुरुवात केली. ते नको नको म्हणत, पण जरा थांबून, पुन्हा कुणी म्हणतंय का याची वाट पाहून मग पुढे जात.

आता इथं आमच्या गावची एक रीत सांगावी लागते, कारण सगळं तिच्यापाशीच अडकलं. आमच्याकडे बैठकीत हात वर करून मत द्यायचा प्रकार नाही. सोयऱ्याधायऱ्यांचं गाव, कुणाविरुद्ध हात वर करायचा? मग असं, की विषय मांडायचा आणि चहा आणायचा. ज्यानं कप उचलला त्याचा होकार. ज्याचं काही म्हणणं असेल त्यानं कप तसाच ठेवायचा आणि बोलायचं, आणि त्याचं समाधान होईस्तोवर सगळ्यांनी थांबायचं. त्यामुळे आमच्याकडे विरोध फार लांबत नाही, चहा निवतो. आणि ज्याच्या घरी बैठक, त्यानं कप पहिला उचलायचा. ‘माझ्या छपराखाली जे बोललं गेलं ते मला मान्य,’ असा त्याचा अर्थ. यजमानानं उचलल्याशिवाय पाहुण्यांनी हात लावायचा नाही.

दुसरी रीत अशी, की नवा माणूस घेतला की पहिली बैठक त्याच्या घरी.

छगनभाईंनी आठवडाभर घर झाडलं. दाराला रंग दिला. सतरंजी पारावरून डोक्यावर घेऊन आले आणि त्या दिवशी प्रथमच तिच्या मधोमध बसले. पाय कुठं ठेवायचे हे त्यांना कळेना. मी ओट्यावर होतो. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण ओटा सगळ्यांचा असतो.

हेमकांतभाईंनी घसा साफ केला. “आनंदाची गोष्ट आहे. गावाला प्रवेशद्वार मंजूर झालेलं आहे. दोन खांब, वर कमान, कमानीवर गावाचं नाव. रात्री लाइट लागतील. बाजूला फोटो काढायला जागा.”

“वा!” छगनभाई सगळ्यात आधी म्हणाले.

“जागेचा विषय आहे,” हेमकांतभाई पुढं बोलले. त्यांनी छगनभाईंकडे पाहिलं नाही, समोरच्या भिंतीकडे पाहिलं. “रस्त्याला लागून पाहिजे. गावात शिरताना पाहिजे. तशी जागा एकच आहे. छगनभाईंचं खळं.”

आत चुलीपाशी चहाचं पातेलं उतरवल्याचा आवाज आला आणि मग कसलाच आवाज आला नाही.

सरलाबाई पदर सावरत म्हणाल्या, “जागा तशी गावठाणाचीच आहे, नाही का.”

“छगनभाईंसारखा माणूस कमिटीत आहे म्हणूनच हे जमतंय,” गुरुजी म्हणाले. “त्यागाशिवाय गाभा होत नाही.” गुरुजींना अशी वाक्यं सुचतात. ती सुचल्याबद्दल त्यांना मुख्याध्यापक केलं होतं.

जसोदाबाई चहा घेऊन आल्या. चांदरीचं दूध, नुसत्या दुधाचा चहा, वर वेलदोडा. एकेक कप त्यांनी एकेकापुढे ठेवला. शेवटचा नवऱ्यापुढे ठेवला आणि आत न जाता दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या.

छगनभाईंनी कपाकडे पाहिलं. काही तरी बोलावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं. मला वाटतं ते शुद्ध मराठीतला पहिला शब्द शोधत होते.

“म्हणजे… मन्हं… माझं असं म्हणणं…”

“बोला, बोला,” हेमकांतभाई म्हणाले आणि थांबले. सगळे थांबले. कोणीही कपाला हात लावला नाही. रीत म्हणजे रीत. पाच कपांवर साय धरायला लागली. सरलाबाई कपाकडे पाहत होत्या, धीरज मोबाइलकडे.

आता तुम्ही म्हणाल, ठेवायचा होता तसाच. सांगायचं होतं, नाही उचलत. तुम्ही शहरातले असाल तर म्हणालच. पण आयुष्यात पहिल्यांदा चार मोठी माणसं घरी आलेली, सतरंजीच्या मधे बसलेला हा माणूस, आणि याच्यामुळे पाहुण्यांच्या तोंडचा चहा निवतोय. ज्यानं गावच्या प्रत्येक पंगतीत ‘अजून एक घ्या’ म्हणत वाढलं, त्याच्या घरातून माणसं चहा न पिता उठणार?

“चहा थंडा व्हई ऱ्हायना,” धीरज हळूच म्हणाला. एवढं एक वाक्य त्या बैठकीत कुणी आपल्या भाषेत बोललं.

छगनभाईंनी कप उचलला.

मग सगळ्यांनी उचलला. हेमकांतभाईंनी फुर्र करून पहिला घोट घेतला आणि म्हणाले, “वहिनी, असा चहा गावात कुठं मिळत नाही.” दारात कुणी नव्हतं. जसोदाबाई खळ्यावर निघून गेल्या होत्या.

त्यानंतरचा महिनाभर छगनभाई गावात गोल गोल फिरत होते. आधी धीरजकडे गेले. धीरज दुकान उघडत होता.

“धीरज, ते खळानं जरा मागे सरकाडता ई का? दुसरी जागा पाही लेऊत.”

“नाना, मन्हा हातमा काय शे? कोअर कमिटीनी ठरायं.”

“अरे पण मीज शे ना कोअर कमिटीमा!”

“मंग नाना, तुम्हीज ठरायं ना!” धीरज मनापासून म्हणाला. पोरगा वाईट नाही. त्याला खरंच तसं वाटत होतं.

तिथून गुरुजींकडे. गुरुजींनी त्यांना खुर्ची दिली, लिंबाचं सरबत दिलं, आणि समजावून सांगितलं की सामूहिक निर्णयात व्यक्तीनं स्वतःला वेगळं काढायचं नसतं. छगनभाईंनी मान डोलावली. बाहेर ओट्यावर मी ऐकत बसलो होतो, मला विचारलं, “काय म्हणनात गुरुजी?” मी म्हटलं, “नाही म्हणाले.” सरलाबाईंनी तर उलट त्यांनाच झापलं, की पहिला कप तुम्ही उचलला, आम्ही तुमच्या मागून. तुम्ही ठेवला असता तर मीही ठेवणार होते. बाई खरं बोलत होत्या की काय कोण जाणे. तो कप काही आता परत भरता येत नव्हता.

शेवटी हेमकांतभाईंकडे. त्यांच्या केळीच्या गोदामाशी, ओट्यावर दोघे बसले. रायसिंग गाडी पुसत होता, म्हणून हे मला कळलं. हेमकांतभाई त्या दिवशी आपल्या भाषेत बोलले.

“छगनभाऊ, खरं सांगू का? जागा मी नही ठरायी. वरतून सांगेल शे. रस्तानी बाजूले पाहिजे, वरीस संपाना आत पाहिजे, नही तर मंजुरी परत जास. मी तरी काय करू?”

“वरतून म्हणजे कोन?”

“वरली कोअर कमिटी.”

“तिले सांगा ना.”

हेमकांतभाईंनी हातातला मोबाइल उलटा करून ओट्यावर ठेवला. मग म्हणाले, “माले तठे आतमा कोन लेस, भो?”

रायसिंग म्हणतो, त्या वेळी छगनभाईंनी हेमकांतभाईंच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणजे बघा. खळं यांचं चाललंय आणि समजूत हे त्यांची काढतायत. सोपटं सोलत सोलत ते गाभ्यापर्यंत गेले आणि तिथंही एक माणूस व्हरांड्यात बसलेलाच सापडला.

घरी आल्यावर त्यांनी ग्रुपमधून बाहेर पडायचं ठरवलं. मोठ्या मुश्किलीनं बटण सापडलं, दाबलं. पाच मिनिटांत धीरजनं परत आत घेतलं आणि खाली लिहिलं, ‘नानांचा चुकून हात लागला वाटतं.’ त्यावर तीन अंगठे आले.

इकडे खालच्या गल्लीला वाटत होतं की छगनभाईंच्या शब्दाला तिथं वजन आहे. शोभाबाई, त्यांची शेजारीण, नळाचं घेऊन आली. तिच्या टोकाला पाणी पोचत नाही, ही तिची जुनी रड. छगनभाई म्हणाले, विषय मांडतो. तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “छगनभाऊ, स्वतानं खळं वाचाडता उनं नही, मन्हा नळनं काय करशात?” आणि मग तिचं तिलाच वाईट वाटलं, म्हणून जाताना पदराखालची मेथीची जुडी त्यांच्या ओट्यावर ठेवून गेली.

जसोदाबाई मात्र हलल्या नव्हत्या. त्या नवऱ्याशी भांडल्यासुद्धा नाहीत. रोजच्यासारखं धार काढत, गोवऱ्या थापत, निकाल देत. फक्त खळ्यावर कुणी कमानीचा विषय काढला की म्हणत, “मी कोन्ही कमिटीमा नही. माले कोन्ही इचारं नही. मी आठून उठणार नही.” कमिटीपुढे पेच पडला. बाईमाणसाला उठवायचं कुणी? बैठक झाली, या वेळी गुरुजींच्या घरी, आणि असं ठरलं की कमिटीचा एक सदस्य जाऊन संबंधित महिलेची समजूत काढेल. सदस्य कोण, हे सांगायला नको. कप त्यांनी या वेळीही उचलला. पहिला नाही, शेवटचा उचलला, एवढाच काय तो फरक.

दुपारची वेळ होती. बाया त्यांना येताना पाहून आपापली सुपं घेऊन उठून गेल्या. मी रस्त्यापलीकडे पानटपरीवर होतो. छगनभाई निंबाखाली उभे राहिले, पांढऱ्या सदऱ्यात.

“उठनं पडी, जसोदा.”

“हाई तुम्ही सांगी ऱ्हायनात का कमिटी सांगी ऱ्हायनी?”

छगनभाईंना स्वतःलाच ते माहीत नव्हतं.

“म्हशी कोठे बांधाना?”

“मळामा बांधूत. तठे छपर शे.”

“मळा कितला दूर! रातले तठे कोन ऱ्हाई? मी?”

छगनभाईंनी पायानं गोवरीचा एक तुकडा बाजूला सारला.

जसोदाबाईंनी बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं आता बाई तोंड सोडणार, आणि मी टपरीवर जरा पुढं सरकलो, खोटं कशाला बोलू. पण त्यांनी दावणीचा खुंटा धरला आणि हलवायला लागल्या. तो आज्यानं ठोकलेला खुंटा, हलेना. छगनभाई खाली वाकले आणि त्यांनीही हात लावला. दोघांनी मिळून तो उपटला. माझ्या बाजूला उभा असलेला पानवाला हसायला म्हणून तोंड उघडून होता, ते त्यानं तसंच मिटलं.

जसोदाबाई म्हशी घेऊन मळ्यात राहायला गेल्या. छगनभाई गावातल्या घरात राहिले, कारण कमिटीचा माणूस हाकेच्या अंतरावर पाहिजे, असं ग्रुपवर आलं होतं. ते सकाळी स्वतः भाकरी थापत, आणि त्या कशा होत ते खालच्या गल्लीतल्या कुत्र्यांना विचारा.

मग जेसीबी आला. निंब राहिला, बाकी सगळं सपाट झालं. खड्डे झाले, सळया उभ्या राहिल्या, आणि एके दिवशी खांबांच्या मधल्या जागेत काँक्रीट पडलं. संध्याकाळी गवंडी हात धुऊन निघून गेला. ओल्या काँक्रीटवर कुणी येऊ नये म्हणून धीरज राखणीला बसला होता, छगनभाईही तिथंच उभे होते. आम्ही चार म्हातारे रस्त्यापलीकडे.

गावाच्या म्हशी दुपारनंतर तापीवर चारायला बाज्या नेतो. उन्हं उतरली की तो कळप घेऊन येतो, आणि गावात शिरल्यावर प्रत्येक म्हैस आपापल्या दावणीला वळते, कुणी सांगावं लागत नाही. चांदरी आणि भुरीला तो हल्ली वाटेतच मळ्याकडे वळवून देई. त्या दिवशी कसं कोण जाणे, त्याचं लक्ष नव्हतं. कळप रस्त्यावरून आला आणि त्यातून या दोघी निघाल्या, शिंगं हलवत, ओल्या अंगानं, सरळ खळ्यात शिरल्या. काँक्रीटमधे पाय रुतले तरी थांबल्या नाहीत. जिथं गव्हाण होती तिथं जाऊन उभ्या राहिल्या आणि खाली मान घालून हुंगायला लागल्या.

“नाना!” धीरज ओरडला. “म्हशी! काँक्रीट ओलं शे! हाकला ना!”

“तू हाकल ना,” छगनभाई म्हणाले.

“तुम्हन्या शेतस, मन्हं काय ऐकतीन?”

छगनभाई काँक्रीटच्या कडेला गेले. “चांदरी, हट,” ते म्हणाले. चांदरीनं मान वर केली, त्यांना ओळखलं, आणि आता हा कडबा टाकेल म्हणून तिथंच उभी राहिली. त्यांनी पुन्हा म्हटलं. तिनं शेपटी हलवली. धीरजनं कुठून तरी काठी आणून त्यांच्या हातात दिली. या माणसानं जन्मात ढोरावर हात उचललेला नाही. त्यांनी काठी उचलली आणि चांदरीच्या पाठीवर मारली. फार जोरात नाही. पण म्हैस दचकली, आणि मग दोघी बाहेर निघाल्या.

तेवढ्यात मळ्याकडून जसोदाबाई आल्या. म्हशी आल्या नाहीत म्हणून शोधत निघाल्या असणार. त्यांनी काठी पाहिली. चांदरीच्या पाठीवरून हात फिरवला. पुढं चालायला लागल्या, आणि म्हशी त्यांच्या मागून मळ्याच्या वाटेला लागल्या.

काँक्रीटमधे खुरांचे खोल ठसे उठले होते, आत गेलेले आणि बाहेर आलेले. धीरज म्हणाला, “नाना, हाई वाळी जाई. हेमकांतभाई सकायले बघतीन.” गवंड्याची थापी बादलीत पडलेली होती. छगनभाईंनी ती उचलली, सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, कडेला उकिडवे बसले आणि जवळच्या ठशापासून बुजवायला सुरुवात केली. मधले ठसे हाताला येईनात, तेव्हा धीरजनं एक फळी आडवी टाकून दिली. ते त्या फळीवरून रांगत मधोमध गेले.

आम्ही पलीकडे बसून होतो. आमच्यातला एक उठला, दुसरा उठला, आणि मग मीही घरी निघालो.